गाडीचा खांदा

दादारावभाऊंच्या ओसरीत एक तार बांधलेली आहे आणि त्या तारेवर जुन्या धोतराच्या चिंध्या चिमट्यांनी टांगलेल्या असतात. प्रत्येक चिंधीवर तेलाचा एक डाग आणि डागाखाली पेनाने लिहिलेलं नाव. ‘डॉक्टर’, ‘वकीलसाहेब’, ‘कृषी केंद्र’, ‘नवीन बाई’. यातली नवीन बाई म्हणजे मी. मेहकरच्या या गल्लीत राहायला येऊन मला चार दिवस झाले होते. शेजारी विरजण मागायला म्हणून गेले आणि रिकामी वाटी हातात धरून तशीच उभी राहिले. माझ्या गाडीतलं तेल दुसऱ्याच्या ओसरीत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वाळत घातलेलं होतं.

“तुमचं तेल पाहा, बाई,” भाऊ म्हणाले. “लाल असाले पाह्यजे, त्याचा चहा झाला. मागच्या मालकानं बदललंच नाई. वास घ्या.”

आणि त्यांनी ती चिंधी थेट माझ्या नाकाला लावली. करपलेल्या फोडणीचा वास होता. मी विरजण न घेताच घरी आले.

आदल्या दिवशी बॅटरीत पाणी घालायला मी बोनेट उघडलं होतं, तेव्हा धोतर-टोपीतले एक आजोबा वाकून आत बघत होते खरे. म्हाताऱ्या माणसाला गंमत वाटत असेल म्हणून मी बाटली आणायला घरात गेले. तेवढ्यात त्यांनी नमुना काढून घेतला होता.

हे तेल पॉवर स्टेअरिंगचं. भाऊंचा जीव फक्त त्या एका तेलात. इंजिन ऑइल, ब्रेकचं तेल, रेडिएटरचं पाणी यांबद्दल विचारलंत तर ते “थे रफिक पाहीन” म्हणून गॅरेजवाल्याकडे बोट दाखवून हात झटकतात. बोनेटखाली एका कोपऱ्यात मुठीएवढी डबी असते, तिच्यावर दोन रेघा असतात, आणि तेल त्या दोन रेघांच्या मध्ये आहे की नाही एवढंच त्यांना जगाबद्दल जाणून घ्यायचं असतं. बरं, माणसाकडे गाडी असती तर मी समजून घेतलं असतं. गाडी नाही, लायसन नाही, सायकलसुद्धा नाही.

आता माझ्या गाडीबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी मी शाळेच्या पायरीवरून पडले. उजवा खांदा मोडला, आत पट्टी बसवली. हात अजून पुरता वर जात नाही आणि जोर लावला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. नवरा अविनाश जालन्याला नोकरीला. त्याचं आणि सासूबाईंचं एकच पालुपद, बस झाली आता शाळा, जालन्याला ये. माझी शाळा मेहकरपासून अठरा किलोमीटर, जानेफळच्या बाजूला आडरस्त्यावर. बस सकाळी एकच, तीही तिच्या मर्जीने येणारी. मी हट्टाने पॉवर स्टेअरिंगची एक जुनी गाडी घेतली, म्हणजे एका बोटाने वळवता येईल. अविनाशने अट घातली, “एक दिवस जरी रस्त्यात अडकलीस तर राजीनामा द्यायचा.” मी फणकाऱ्याने हो म्हटलं होतं. म्हणजे माझी नोकरी आणि माझी दुसरी-तिसरीची एकवीस पोरं त्या मुठीएवढ्या डबीवर अवलंबून होती.

हे मी गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं. शाळेतही हात धड आहे असंच दाखवत होते. पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला कडी वाजली. दारात भाऊ, हातात टॉर्च आणि स्वच्छ चिंधी.

“बाई, बोनेटचा खटका ओढा. आन एक इचारू? उजवा हात काऊन चोरता?”

माझ्या मुख्याध्यापकांना दोन वर्षांत जे कळलं नाही ते या गृहस्थाने मी कपडे वाळत घालताना कुंपणावरून पाहिलं होतं. मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. ते वाकून डबीचं झाकण पुसत होते. झाकण आधी पुसायचं, मग उघडायचं, नाहीतर धूळ आत जाते. थंड गाडीची रेघ वेगळी, तापलेल्या गाडीची वेगळी. तेलावर फेस दिसला की त्यात हवा शिरली. वळताना गाडी कण्हली की तेल कमी. आणि स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण पिळून धरून ठेवायचं नाही. या शेवटच्या नियमावर तर ते गल्लीत खडा पहारा देत. डॉक्टर गाडी मागे घेताना जरा जास्त वेळ पिळून बसले की ओसरीतून आवाज येई, “सोडा, डॉक्टरसाहेब, सोडा. मान मोडसान त्याची.”

सगळं झालं की झाकण लावून ते बोनेटवर दोन थापा देत आणि म्हणत, “खांदा वला, मंग चला.” वला म्हणजे ओला; पण गाडीला खांदा कुठला, ते मला तेव्हा कळलं नाही.

पहिल्याच आठवड्यात रफिकभाईकडून त्यांनी माझं चहा झालेलं तेल बदलून घेतलं. कोणतं घालायचं तेही गाडीच्या पुस्तकात मला शोधायला लावलं, कारण “कोनतंही टाकून जमत नाई, बाई, एकाच्या पोटाले मानते थे दुसऱ्याच्या मानत नाई.” हे त्यांचंच वाक्य होतं, हे लक्षात ठेवा.

त्यांच्यामुळे चारचौघांत खाली मान घालायची वेळही आली. देऊळगाव राजाला गल्लीतल्या एका मुलाचं लग्न होतं. फुलांनी मढवलेली नवरदेवाची गाडी मांडवाच्या कमानीत वळली आणि वळताना तिने एक लांब हंबरडा फोडला. बँड जोरात वाजत होता, कुणाच्या कानावर तो गेला नाही. भाऊ मात्र पंगतीतून उठले. हातावरचा वरणभात तसाच. सरळ गाडीपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बोनेट खोला.” नवरदेवाचे मामा तापले. मुहूर्त टळून राह्यला, म्हणाले. भाऊ म्हणाले, “नवरदेव पायी जाईन. वीस पावलं हाय मांडव. हे मुकं जनावर कुठं जाईन?” शेवटी नवरदेव खरोखरच पायी गेला आणि करवल्या हसून हसून बेजार झाल्या. मी एका खांबामागे उभी होते. कुणी विचारलंच तर मी यांना ओळखत नाही असं सांगायचं मी ठरवलं होतं.

खुद्द भाऊंना धक्का बसलेला मी एकदाच पाहिला. वकीलसाहेबांनी नवी कोरी गाडी आणली. पेढे वाटून झाले, नारळ फुटला, आणि भाऊ टॉर्च घेऊन आत वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, “डबीच नाई.”

“नसतेच, भाऊ,” वकीलसाहेब म्हणाले. “हिचं स्टेअरिंग विजेवर चालतं. तेलबिल काही नाही.”

“तेल नाई?”

“थेंबभर नाही.”

“मंग लाईन गेली त?”

आमच्याकडे वीज किती टिकते ते सगळ्या गल्लीला माहीत असल्याने या प्रश्नावर वकीलसाहेबांनीसुद्धा एकदा विजेच्या खांबाकडे पाहिलं. पुढचे आठ दिवस भाऊ त्या गाडीजवळून जाताना टोपी नीट करत आणि हळूच तिच्यावर हात ठेवत, जसं एखाद्या पोरक्या लेकराच्या डोक्यावर ठेवतात. वकीलसाहेबांची जुनी चिंधी त्यांनी काढली, पण नाव तारेवरून काढलं नाही. नाव लिहिलेली नवी चिंधी कोरीच लटकत ठेवली.

या सगळ्याचं मूळ मला रफिकभाईने सांगितलं. रफिकभाईचं गॅरेज बसस्टँडच्या मागे. भाऊंची आयुष्यभर शेती, लाल्या आणि चांद्या ही त्यांची शेवटची जोडी. चांद्या म्हातारा होऊन गेला. लाल्या दुसऱ्या कुठल्या बैलाबरोबर चालेना. जू ठेवलं की खाली बसायचा. भाऊंनी त्याला गावातल्या एका नातेवाइकाच्या दावणीला नुसता सांभाळायला ठेवलं, वावर ठोक्याने दुसऱ्याला कसायला दिलं आणि मेहकरला पुतण्याकडे राहायला आले. भाऊंची बायको त्याआधीच गेलेली. पुतण्या आणि सूनबाई चांगली, पण दिवसभर दोघंही आपल्या कामाला. भाऊ गॅरेजवर येऊन बसायला लागले.

“एक दिन मले इचारते,” रफिकभाई म्हणाला, “रफिक, ह्या गाडीले सगळ्यात ज्यादा ओढ कुठं बसते? म्हनलं, चाचा, वळताना बसते. सगळा लोड स्टेरिंगवर. म्हनून त तिथं तेल देल्लं, प्रेशरनं मदत करते. त म्हने, हाव, म्हंजे खांदा हाय थे. बस. तेव्हापासून माझ्या गॅरेजले जे सुरू झालं…”

रफिकभाईने पुढचं वाक्य हातानेच पूर्ण केलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा कडक होतो, म्हणून त्या दिवशी कोमट तूप आणि हळद लावून पळसाच्या पानांनी तो शेकतात आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. त्या संध्याकाळी भाऊ नेहमीप्रमाणे आले. मी खटका ओढून दिला आणि गॅसवर दूध होतं म्हणून आत पळाले. स्वयंपाकघरात मला ऐकू आलं, भाऊ माझ्या गाडीला सांगत होते, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” मला हसू आलं. बिचारे, म्हटलं, हौस करू द्या. बाहेर जाऊन पाहण्याची बुद्धी मला झाली नाही.

पोळ्याची सुट्टी होती, गाडी उभीच राहिली. दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. सहाला निघाले. गावाबाहेर पडेपर्यंत स्टेअरिंग कण्हत होतं, मग रडायला लागलं, आणि जानेफळ रस्त्याच्या पहिल्याच मोठ्या वळणावर ते दगडासारखं झालं. मी दोन्ही हातांनी जोर लावला. खांद्यातून अशी कळ गेली की मी ओरडले. गाडी कशीबशी चिखलाच्या कडेला लागली. एक दूधवाला थांबला, त्याने ती बाजूला लावून दिली. मी सीटवर बसून रडले, आणि मग अविनाशऐवजी रफिकभाईला फोन लावला.

रफिकभाई मोटारसायकलवर आला. डबी उघडली. बोट घातलं, बघितलं, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, परत वास घेतला.

“मॅडम, हे त तूप हाय.”

मी डबीत वाकून पाहिलं.

“हळद बी हाय,” तो म्हणाला. “स्टेरिंगले वरणाची फोडनी देल्ली काय तुम्ही?”

तुपाच्या गुठळ्यांनी खालची जाळी बंद झाली होती. पंपाला तेलच मिळालं नाही आणि तो कोरडा फिरून जळाला. नवा पंप अकोल्याहून मागवायचा, आठवडा लागणार. तोवर रफिकभाई पंपाचा पट्टा काढून देणार होता, म्हणजे गाडी चालली असती पण बिनमदतीची, रेड्यासारखी जड. त्याने मला मोटारसायकलवर शाळेत सोडलं. प्रार्थना संपत आली होती.

दुपारी परत आले ती सरळ भाऊंच्या ओसरीसमोर जाऊन उभी राहिले. आज त्या बोलण्याची आठवण आली तरी माझे कान तापतात. म्हातारा माणूस म्हटलं नाही, गल्ली ऐकते म्हटलं नाही. तुमच्या वेडापायी माझी नोकरी जाणार, म्हटलं. बैल आणि गाडी यांतला फरक कळत नाही तर घरात बसा, म्हटलं. नको ते सगळं म्हटलं.

भाऊ उभेच होते. एवढंच म्हणाले, “दोनच चमचे टाकलं, बाई. घरचं होतं, लोनकढी. वाटलं, वर्षभर नुसतं बाजारचं तेल पेते. सनाच्या दिवशी त…”

मी घरात जाऊन दार लावून घेतलं. संध्याकाळी बाहेर पाहिलं तर तारेवर एकही चिंधी नव्हती. रविवारीही ते ओसरीत दिसले नाहीत. डॉक्टरांनी गाडी खुशाल पिळून मागे घेतली, कुणी हटकलं नाही.

सोमवारी सकाळी साडेआठला मी गाडीशी उभी होते. आठवडाभर रजा टाकली तर अविनाश कारण विचारणार, आणि कारण सांगितलं की सगळं संपणार. एकटीने अठरा किलोमीटर ओढण्याची माझ्या खांद्यात ताकद नव्हती. तेवढ्यात डावीकडचं दार उघडलं. भाऊ आत बसले. धुतलेलं धोतर, फडक्यात बांधलेली भाकर. माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी येतो. तुम्ही निस्तं इकडं का तिकडं थे सांगा. ओढतो मी.”

मी घाबरले. असं कुणी गाडी चालवतं का? पण दुसरा उपाय काय होता? गाडी हळू घेतली. वळण आलं की मी म्हणे, “भाऊ, डावीकडे,” आणि ते उजवा हात लांब करून स्टेअरिंगचा वरचा भाग धरत आणि ओढत. हात म्हातारा पण कासऱ्यावर घट्ट झालेला. वाकडी ओढ कधी घेतली नाही. वळण संपलं की हात काढून मांडीवर ठेवत. समोरून ट्रक आला की मी देवाचं नाव घेई आणि ते “चाल, चाल” म्हणत. ते गाडीला असे की मला, ते मी विचारलं नाही. अठरा किलोमीटरला सव्वा तास लागला. तेलाबद्दल चकार शब्द निघाला नाही. खांदा वला वगैरेही नाही.

दिवसभर हे काय करणार, असं मला वाटलं होतं. मधल्या सुट्टीत खिडकीतून पाहिलं तर शाळेसमोरच्या निंबाखाली दोन बैल उभे होते आणि भाऊ एकाच्या खांद्यावरून हात फिरवत होते. बुधवारपर्यंत तिथे रांग लागायला लागली. कुणाच्या बैलाला जू घासलेलं, कुणाचा बैल डावीकडे झुकून चालणारा. “मेहकरचे भाऊ आले का?” असं लोक मलाच विचारू लागले. परतताना भाऊ बोलायला लागले. कुठला बैल गुणी, कुठल्या मालकाला अक्कल नाही. एकदा मध्येच म्हणाले, “जोडीतला एक गेला का दुसऱ्याले निस्तं उभं राहनंच जड होते, बाई. लाल्याचं तसंच झालं. आमच्या घरी बी तसंच झालं.” मी शनिवारच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, “चूक माझी होती. तूप बैलाचंच,” आणि विषय संपवला.

पंप शनिवारीच आला. रविवारी भाऊ चिखलीला एका तेरवीला गेलेले असताना रफिकभाईने तो बसवून दिला. गाडी पुन्हा एका बोटाने वळू लागली. मी खरोखर सुटले. नोकरी वाचली होती, जालन्याला काही कळलं नव्हतं. सोमवारी सकाळी हे भाऊंना सांगायचं असं ठरवून मी बाहेर आले तर ते आधीच डाव्या सीटवर बसलेले. फडक्यात या वेळी भाकरीबरोबर कुणाच्यातरी बैलासाठी पाला बांधून घेतलेला.

मी बोलले नाही. पोरांना रोज खोटं बोलू नका म्हणून सांगणारी मी, पहिल्याच वळणावर कण्हल्यासारखं केलं आणि म्हटलं, “भाऊ, डावीकडे.” त्यांनी हात लांब केला, ओढलं. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. माझ्या निर्लज्जपणाचं मलाच नवल वाटत होतं.

गुरुवारी परत येताना जानेफळ रस्त्याच्या त्या मोठ्या वळणावर, जिथे मी अडकले होते, भाऊंनी हात स्टेअरिंगवर ठेवला आणि ओढला नाही. नुसता ठेवला. गाडी अलगद वळली.

“पंप बसला,” ते म्हणाले.

“कधी कळलं, भाऊ?”

“सोमवारीच. पयल्या वळनाले.”

“मग बोलला का नाही?”

“तुम्हीच बोलल्या नाई. म्हटलं, घरवाले जालन्याले, घरी एकट्या राह्यता. बाईले सोबत लागत असन. मी काऊन बोलू?”

चार दिवस मी त्यांच्या एकटेपणावर दया करत होते, आणि चार दिवस ते माझ्या. मेहकरला आल्यापासून संध्याकाळी कुलूप उघडून आत जाताना मला काय वाटतं, ते मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. डोळे पुसायला गाडी थांबवावी म्हटलं तर मागे चाऱ्याचा ट्रॅक्टर होता.

“लागते,” मी कसंबसं म्हटलं.

“मंग उद्या साडेआठलेच ना?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. पुढे ओढ्याजवळचं वळण दिसत होतं. मी सांगायच्या आधीच त्यांचा हात लांब झाला, आणि मी माझा जरा ढिला सोडला.